वंश आणि वेल : एका इंग्रज घराण्याच्या निमित्ताने

वंशावळ हा वाङ्मयप्रकार मानावा काय, हा प्रश्न आपल्या अभ्यासक्रमात सहसा उपस्थित होत नाही. बखर, कैफियत, करीना, महजर यांना मराठी गद्याच्या इतिहासात जागा मिळाली. वंशावळ मात्र इतिहाससंशोधकांच्या ग्रंथांत परिशिष्ट म्हणूनच राहिली. याचे कारण उघड आहे. वंशावळीत वाक्ये नसतात, विशेषणे नसतात, क्रियापदे जवळजवळ नसतात. नावाखाली नाव आणि रेघेखाली रेघ, एवढाच तिचा विस्तार. तिच्यात निवेदक दिसत नाही, म्हणून तिला दृष्टिकोन नाही, अशी आपली समजूत होते. वस्तुतः निवेदक दिसत नाही त्या ठिकाणी त्याचा शोध अधिक बारकाईने घ्यावा, असेच आपण वर्गात कथात्म साहित्याच्या संदर्भात शिकवीत असतो. तो न्याय वंशावळीला लावून पाहण्याचा हा एक प्रयत्न आहे. त्याला निमित्त झाले ते एक इंग्रज घराणे.

उत्तर पेशवाईतील पत्रव्यवहाराचे गद्य हा माझ्या प्रबंधाचा विषय होता. त्या काळातील कोणताही कागद वाचताना पुणे दरबारातील कंपनीचा वकील चार्ल्स वेअर मॅलेट याचे नाव टाळता येत नाही. पुढे काही वर्षांनी एम.ए.च्या विद्यार्थ्यांबरोबर माथेरानला जाण्याचा योग आला. तेथे ‘मॅलेट स्प्रिंग’ या नावाचा झरा आहे. नाव ऐकताच एका विद्यार्थिनीने विचारले, “बाई, पेशव्यांच्या दरबारातला मॅलेट तो हाच का?” तो हा नव्हे, हा त्याचा मुलगा, असे मी सांगितले. तिचा पुढचा प्रश्न स्वाभाविक होता : “मग याची आई पुण्याचीच असेल?” या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे नव्हते. त्या उत्तराच्या शोधात मी या घराण्याच्या वंशावळीकडे वळले आणि हळूहळू लक्षात येत गेले, की प्रश्न एका घराण्यापुरता नाही.

प्रथम चार्ल्स मॅलेटविषयी. १७५२ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये एका धर्मोपदेशकाच्या घरी त्याचा जन्म झाला. १७७० मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत शिरला; खंबायत येथे त्याने बरीच वर्षे काढली आणि १७८६ मध्ये पेशव्यांच्या दरबारातील रेसिडेंट म्हणून तो पुण्यात आला. मुळा-मुठेच्या संगमावर त्याला वस्तीसाठी जागा मिळाली. तेथेच पुढे रेसिडेन्सी वाढत गेली आणि १८१७ च्या नोव्हेंबरात, खडकीच्या लढाईच्या दिवशी, ती जळाली. टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज आणि मराठे यांचा १७९० मध्ये जो तह झाला, तो घडवून आणण्यात मॅलेटचा मोठा वाटा होता. त्याबद्दल १७९१ मध्ये त्याला बॅरोनेट हा किताब मिळाला. त्याच्या वकिलातीचा पत्रव्यवहार गो. स. सरदेसाई यांनी ‘पूना रेसिडेन्सी करस्पॉन्डन्स’ या मालेच्या दुसऱ्या खंडात १९३६ मध्ये संपादित केला, आणि इतिहासाच्या अभ्यासकांना तो परिचित आहे. १७९७ मध्ये त्याने पुणे सोडले. १८१५ मध्ये इंग्लंडात त्याचा मृत्यू झाला.

आता त्याच्या मागच्या पिढ्या. मॅलेट घराण्याची परंपरा आपले मूळ थेट ११ व्या शतकातील नॉर्मन सरदार विल्यम मॅलेट याच्यापर्यंत नेते. १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईत इंग्लंडचा राजा हॅरल्ड पडला, तेव्हा त्याच्या प्रेताची व्यवस्था विजेत्याने या विल्यमकडे सोपविली, असे जुने वृत्तांत सांगतात. १०८६ च्या ‘डूम्सडे’ या जमीनपाहणीत विल्यमचा पुत्र रॉबर्ट याच्या सफोक परगण्यातील विस्तीर्ण जमिनींची नोंद आहे. आपल्याकडील घराणी ज्याप्रमाणे आपले मूळ एखाद्या प्रसिद्ध राजकुळाशी जोडतात, त्याच जातीची ही प्रवृत्ती होय. मूळ जितके दूरचे, तितके वर्तमानातील हक्काला तेज अधिक.

पुढे सॉमरसेट परगण्यातील एन्मोर हे या घराण्याचे मुख्य ठाणे झाले. १७ व्या शतकात या एन्मोरच्या शाखेत एकच वारस उरली : एलिझाबेथ मॅलेट. इंग्रजी साहित्याच्या अभ्यासकांना ती दुसऱ्या नात्याने माहीत असते. दुसऱ्या चार्ल्सच्या दरबारातील कवी जॉन विल्मट, म्हणजेच अर्ल ऑफ रॉचेस्टर, याने १६६५ मध्ये तिला पळवून नेण्याचा प्रयत्न केला, त्यासाठी तुरुंगवास भोगला आणि १६६७ मध्ये तिच्याशीच विवाह केला. तिला एक मुलगा आणि तीन मुली झाल्या. मुलगा लहानपणीच वारला. मालमत्ता मुलींकडे आणि त्यांच्यामार्फत इतर घराण्यांकडे गेली. वंशावळीच्या भाषेत याचा अर्थ असा, की एन्मोरची मॅलेट शाखा ‘खुंटली’. तीन मुली जिवंत असताना शाखा खुंटते! रक्त वाहत राहते, जमीनही वारशाने जात राहते. खुंटते ते केवळ आडनाव. पुण्याला आलेला चार्ल्स मॅलेट हा धाकट्या पातीचा होता.

येथे शब्दांकडे थोडे लक्ष द्यावेसे वाटते. संस्कृतात ‘वंश’ म्हणजे बांबू, वेळू. पेरावर पेर चढत जाणारा, सरळ वाढणारा, प्रत्येक पेर मागच्या पेरातूनच निघालेले. इंग्रजीतील ‘पेडिग्री’ या शब्दाचे मूळ जुन्या फ्रेंच भाषेतील ‘करकोच्याचा पाय’ या शब्दसमूहात सांगतात. वंशावळीत एका नावापासून खाली फुटणाऱ्या तीन रेघा करकोच्याच्या पायासारख्या दिसतात म्हणून. आपल्या रूपकात वरवर वाढणारी सरळ काठी आहे. त्यांच्या रूपकात खाली पसरणारी बोटे आहेत. रूपके इतकी भिन्न असूनही दोन्ही लिपींतील वंशावळींचे व्याकरण मात्र एकच आहे : कर्ता पुरुष, क्रियापद ‘जन्मला’, आणि कर्मस्थानी पुन्हा पुरुष. आपल्याकडे ‘वंशवेल’ असाही एक शब्द रूढ आहे. वेल सरळ वाढत नाही. शेजारच्या आधारावर चढते, कुंपण ओलांडते. परंतु ‘वंशवेल’ हा शब्द आपण आशीर्वादात वापरतो. लेखी वंशावळीत वेलीची वाढ सहसा उतरत नाही.

माथेरानच्या मॅलेटच्या आईविषयीच्या प्रश्नाकडे आता वळता येईल. स्कॉटलंडचा चित्रकार जेम्स वेल्स हा १७९१ मध्ये मुंबईत आणि पुढील वर्षी पुण्यात आला. सवाई माधवराव, नाना फडणीस, महादजी शिंदे यांची त्याने काढलेली चित्रे इतिहासाच्या पुस्तकांतून आपण पाहत आलो आहोत. सवाई माधवराव आणि नाना यांचे त्याचे प्रसिद्ध चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. पुण्यातील चित्रशाळेत गंगाराम तांबट हा मराठी चित्रकार त्याच्याबरोबर काम करीत होता. वेल्स १७९५ मध्ये मुंबईजवळ निवर्तला. त्याची कन्या सुझाना हिच्याशी चार्ल्स मॅलेटने इंग्लंडला परतल्यावर, १७९९ मध्ये, विवाह केला. या दांपत्याला आठ मुलगे झाले. थोरला अलेक्झांडर याला किताब मिळाला आणि तो परराष्ट्र खात्यात गेला. त्याचा मुलगा एडवर्ड मॅलेट पुढे ईजिप्तमध्ये आणि नंतर बर्लिनमध्ये ब्रिटनचा प्रतिनिधी होता. म्हणजे पुण्याच्या वकिलाचा नातू बिस्मार्कच्या दरबारात वकील झाला. आठांपैकी तिघे मुंबई इलाख्यात आले. जॉर्ज ग्रेनव्हिल हा घोडदळात होता. सिंधच्या एका फारसी इतिहासाचे त्याने केलेले इंग्रजी भाषांतर मुंबई सरकारने १८५५ मध्ये छापले, आणि पुढच्याच वर्षी इराणमधील बुशहरच्या मोहिमेत तो मारला गेला. आर्थर हा मुलकी नोकरीत चढत मुंबईच्या गव्हर्नरच्या कौन्सिलचा सभासद झाला. आणि ह्यू पॉइंट्झ हा १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर असताना चौक गावी मुक्कामाला होता. तेथून तो डोंगर चढून गेला. माथेरानच्या ‘शोधा’ची हकिगत ती हीच. ठाकर आणि कातकरी त्या रानात आधीपासून वावरत होतेच. पण शोधालाही वंशावळीप्रमाणे नोंदणारा लागतो.

या आठही भावांचे पुण्याशी असलेले नाते दुहेरी आहे. वडील पुण्याचे रेसिडेंट आणि आजोबा, म्हणजे आईचे वडील, सवाई माधवरावांचे चित्रकार. परंतु मॅलेट वंशवृक्षाच्या रेघांवर जेम्स वेल्स कोठेही येत नाही. सुझानाच्या नावापुढे ‘अमक्याची कन्या’ एवढ्या दोन शब्दांत तो मावतो. मराठी वाचकाला या घराण्यात ज्याच्याविषयी सर्वाधिक आपुलकी वाटावी तो माणूस केवळ मुलीचा बाप असल्यामुळे फांदीबाहेर राहिला.

१८८५ मध्ये आर्थर मॅलेटने लंडनमध्ये आपल्या घराण्याचा इतिहास प्रसिद्ध केला. मुंबई सरकारात आयुष्य घालविलेला एक निवृत्त अधिकारी हस्तलिखिते, छापील ग्रंथ आणि दप्तरे चाळून आपल्या कुळाचा वृत्तांत रचतो, ही घटना आपल्याला जवळची वाटावी अशी आहे. पुढे महाराष्ट्रातही निवृत्त शिक्षक, वकील, कारकून यांनी गावोगाव पत्रे पाठवून, मूळ गावाला जाऊन, देवस्थानातील नोंदी उतरून घेऊन असे कुलवृत्तांत सिद्ध केले. त्यांतील कष्ट आणि सचोटी यांविषयी आदरच वाटतो. आपल्या कुलवृत्तांतांतून सुनांची माहेरची नावे आणि मुलींची सासरे नोंदविण्याची जी पद्धत पडली, ती तर विशेष नमूद करण्याजोगी आहे.

परंतु पुण्यातील मॅलेटच्या घरात आणखी एक व्यक्ती होती. तिचे नाव अंबर कुंवर. सुझानाशी विवाह होण्यापूर्वीच्या काळात ती मॅलेटची सहचारिणी होती आणि तिच्यापासून त्याला तीन अपत्ये झाली : एलिझा, लुइसा आणि हेन्री चार्ल्स. तिचे नाव आपल्यापर्यंत रोमन लिपीतून आले आहे. ‘कौर’ की ‘कुंवर’ हे अक्षरांवरून ठरविणे कठीण, पण त्या काळच्या इंग्रजी लेखनपद्धतीत राजपूत स्त्रियांच्या नावांतील ‘कुंवर’ असेच उमटत असे, म्हणून मी तो पाठ स्वीकारला आहे. तिचे एक चित्र उपलब्ध आहे, आणि ते काढणारा चित्रकार आहे जेम्स वेल्स. ज्या स्त्रीला समोर बसवून त्याने हे चित्र रंगविले, तिच्या जागी पुढे आपलीच मुलगी जाणार आहे, हे त्या वेळी त्याला कोठून ठाऊक असणार!

बॅरोनेटांच्या छापील वंशावळींत चार्ल्स मॅलेटच्या नावाखाली सुझाना येते आणि आठ मुलगे येतात. अंबर कुंवर येत नाही. याला लेखकाचा दुष्टावा म्हणता येणार नाही. बॅरोनेट हा किताब कायदेशीर विवाहातून झालेल्या पुरुष संततीकडेच जातो, असे तो देणाऱ्या सनदेतच लिहिलेले असते. छापील वंशावळ ही त्या सनदेची पुरवणी आहे. किताब कोणाकडे जाणार, या एकाच प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी ती रचली जाते. आणि हेन्री चार्ल्सकडे तो जाणार नाही, म्हणून तो तेथे नाही. मुलींचा तर प्रश्नच उद्भवत नाही. सारांश, वंशावळ ही ‘कोण कोणापासून झाले’ याची नोंद नसून ‘कोणाला काय मिळावे’ याचा युक्तिवाद आहे. आपल्याकडील वतनाच्या तंट्यांत दाखल होणाऱ्या करीन्यांना जोडलेल्या वंशावळी ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना हे निराळे सांगावयास नको.

इंग्रजांना दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. मॅलेट ज्या पुण्यात आला, त्याच पुण्यात बाजीराव आणि मस्तानी यांच्या वंशाची एक शाखा नांदत होती. त्यांचा पुत्र समशेरबहाद्दर १७६१ मध्ये पानिपताच्या संग्रामात जखमी होऊन वारला; नातू अलीबहाद्दर मॅलेटच्याच काळात उत्तरेच्या मोहिमेवर गेला आणि त्याचे वंशज बांद्याचे नबाब झाले. पेशव्यांसाठी प्राण दिला तरी पेशव्यांच्या वंशावळीच्या मुख्य रेघेवर येता आले नाही. मराठीत तर अशा संततीसाठी ‘लेकावळा’ असा स्वतंत्र शब्द आहे. ज्या भाषेत एखाद्या गोष्टीसाठी स्वतंत्र शब्द घडतो, त्या समाजात ती गोष्ट अपवादात्मक नसते, हे आपण भाषाभ्यासात शिकवितोच.

मात्र एका बाबतीत आपली वंशावळ इंग्रजी वंशावळीहून मूलतः वेगळी आहे, आणि त्या वेगळेपणाची मोठी किंमत या भूमीने मोजली आहे. ती बाब म्हणजे दत्तक. आपल्याकडे दत्तकपुत्र हा वंशाच्या रेघेवर औरस पुत्राच्याच जागी येतो. रक्तापेक्षा नाव, पिंड आणि घर चालविण्याची जबाबदारी यांना तेथे महत्त्व आहे. इंग्लंडमध्ये दत्तकविधानाला कायद्याने मान्यता मिळाली ती १९२६ मध्ये, आणि किताबाचा वारसा तर दत्तकाला मिळत नाहीच. १८४८ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजी निवर्तले आणि मृत्यूपूर्वी त्यांनी घेतलेला दत्तक कंपनी सरकारने नामंजूर करून राज्य खालसा केले. त्यामागे राज्याचा लोभ होता, हे खरेच. पण त्या लोभाला तर्काचे वस्त्र मिळाले ते वंशावळीच्या इंग्रजी व्याकरणातून. एका भाषेचे व्याकरण दुसऱ्या भाषेवर लादले की शुद्ध वाक्यही अशुद्ध ठरते. पुढे धोरण बदलले. कोल्हापूरच्या गादीवर कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ मध्ये दत्तक आले आणि राजर्षी शाहू छत्रपती म्हणून इतिहासात अमर झाले. केवळ रक्ताची वंशावळ मानणाऱ्याला कोल्हापूरचा आधुनिक इतिहास लिहिताच येणार नाही.

मी ज्या गावात राहते त्या मलकापुरात या गोष्टी पुस्तकी राहत नाहीत. कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाताना आंबा घाटाच्या अलीकडे असलेले हे लहानसे गाव विशाळगडच्या पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचे ठाणे होते. किन्हईच्या कुळकर्णी घराण्यातील परशुराम त्रिंबक यांच्या एका पुत्राने, श्रीनिवासरावांनी, साताऱ्याच्या शाहू छत्रपतींची बाजू धरली. दुसरे पुत्र कृष्णाजी कोल्हापूरच्या बाजूस राहिले. एकाच बापाच्या दोन मुलांमुळे औंध आणि विशाळगड ही दोन संस्थाने उभी राहिली. १८४४ मध्ये गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी विशाळगडाची तटबंदी मोडली आणि जहागिरीचा कारभार खाली मलकापुरास आला. मराठेशाहीतील दुही शिकविताना नकाशा काढण्याऐवजी ही वंशावळ फळ्यावर काढली, तर विद्यार्थ्यांना ती लवकर उमगते, असा माझा अनुभव आहे.

राजघराण्यांचे कागद दप्तरात असतात; शेतकऱ्यांची वंशावळ आमच्या भागात हेळव्याच्या वहीत असते. कर्नाटकातून बैल घेऊन येणारे हे लोक पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या गावांतील ठरलेल्या घरांची वंशावळ सांभाळतात. कन्नडात ‘हेळु’ म्हणजे सांगणे. ‘हेळव’ म्हणजे पांगळा असाही अर्थ आहे आणि आपला मूळपुरुष पांगळा होता, त्याला बैल मिळाला, अशी कथा ते सांगतात. काही वर्षांच्या अंतराने हेळवी दारात येतो, वही उघडतो आणि मूळ गाव, कुळी, देवक येथपासून आरंभ करून पिढीमागून पिढी म्हणत जातो. कोणता भाऊ कोणत्या दुष्काळात कोठे गेला, कोणाची पाती कोठे नांदते, हे सारे त्यात येते. नव्याने जन्मलेल्यांची नावे तो लिहून घेतो. धान्य, कापड, पैसा अशी बिदागी त्याला मिळते. लिहिणे आणि म्हणणे यांचा इतका जिवंत संबंध मी अन्यत्र पाहिलेला नाही.

माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. मी पदवीच्या वर्गात असताना हेळवी आमच्या दारी आला. त्याने पणजोबांपासून म्हणत म्हणत वडिलांच्या नावापर्यंत आणले आणि लेखणी उचलून विचारले, “म्होरं?” वडिलांनी आम्हा दोघींची नावे सांगितली. तो क्षणभर थांबला. मग नरमाईने म्हणाला, “वहीत लेकी लिवायचा रिवाज न्हाई, अण्णा. पर म्हणताना म्हणतो की.” आणि खरोखरच त्याने पुन्हा आरंभापासून म्हटले आणि शेवटी आम्हा दोघींची नावे, त्याच चालीत, घेतली. वडिलांनी त्याला पायलीभर भात घातला. वही मात्र तशीच मिटली गेली. वडील दोन दिवस फारसे बोलले नाहीत. त्यानंतर त्यांनी एक शंभर पानी वही आणली आणि आपल्या घराची वंशावळ स्वतः लिहावयास घेतली. तिच्यात आम्ही दोघी आहोत, आई आहे, आजी आहे. आजीची आई कोण, हे मात्र त्यांना सांगता येईना. आणि सांगू शकेल असे घरात कोणी उरले नव्हते. वहीत त्या ठिकाणी त्यांनी एक ओळ कोरी सोडली आहे.

अंबर कुंवरच्या नावाशी मी इतकी का थांबले, याचे उत्तर त्या कोऱ्या ओळीत असावे. लंडनमध्ये छापलेले बॅरोनेटांचे जाडजूड ग्रंथ आणि बैलावरून आलेली हेळव्याची वही यांच्यात समुद्राचे अंतर आहे. एकीत किताब आणि दुसरीत चार-दोन बिघ्यांची भातशेती आहे. पण दोन्हींत रेघ कोठे थांबवावी, हे एकाच नियमाने ठरते. फरक असलाच तर तो हेळव्याच्या बाजूने आहे. त्याच्यापाशी वहीखेरीज आवाज होता, आणि आवाजात जागा होती.

गेली काही वर्षे मी एम.ए.च्या विद्यार्थ्यांना एक स्वाध्याय देते : आपली वंशावळ आईकडून लिहा. आई, आईची आई, तिची आई, तिची आई. नियम इतकाच, की पुरुषाचे नाव ओळख पटविण्यापुरते यावे. बहुतेक जण तिसऱ्या नावाशी थांबतात. काहींना तिसरे नाव मिळते, पण ते माहेरचे की सासरचे हे कळत नाही. कारण लग्नात नाव बदललेले असते. पुष्कळदा नाव मिळतच नाही, गाव मिळते. सरूडची, बांबवड्याची, भेडसगावची अशी ती आजी कुटुंबाच्या स्मरणात राहिलेली असते. आईकडून मागे जाऊ लागले की प्रत्येक पिढीला आडनाव बदलते आणि गाव बदलते; कागदावर झाड उभे राहत नाही, तालुक्याचा नकाशा उभा राहतो. वेलीची वाढ ती हीच.

म्हणून साधनांविषयी एक सूचना करावीशी वाटते. स्त्रियांच्या पिढ्या शोधावयाच्या तर वंशावळीखेरीज अन्य साधनांकडे जावे लागेल. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी संकलित केलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या लाखाच्या वर आहे. त्या ओव्यांतून माहेर, भाऊ, मावळण, लेकीचे सासर यांचे जे जाळे दिसते, ते कोणत्याही कुलवृत्तांताहून दाट आहे. लोकसाहित्य म्हणून आपण त्या ओव्या अभ्यासतो. नातेसंबंधांचे दप्तर म्हणूनही त्या वाचता येतील. इंग्रजी दप्तरांतही मृत्युपत्रे, बाप्तिस्म्याच्या नोंदी, खासगी रोजनिश्या आणि चित्रे यांतून अंबर कुंवरसारख्या स्त्रियांचा माग काढण्याचे काम अलीकडच्या काळात अभ्यासकांनी केले आहे. छापील वंशवृक्षात ज्यांना स्थान नाही, त्या या बाजूच्या कागदांत सापडतात.

महाविद्यालयांतील सहकाऱ्यांनी आपापल्या भागात असा स्वाध्याय करून पाहावा. त्यासाठी अनुदान लागत नाही, ग्रंथालय लागत नाही. मात्र घाई करून चालत नाही, कारण सांगणाऱ्या बायका आता ऐंशीच्या घरात आहेत. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याला आजीच्या आईचे नाव कोणी सांगू शकले नाही. दिवाळीच्या सुटीत घरातील माळ्यावरची भांडी घासायला काढली, तेव्हा एका पितळी घागरीच्या गळ्याशी ठोक्याठोक्यांनी घातलेली अक्षरे त्याला दिसली. लग्नात मुलीला दिलेल्या भांड्यावर देणारीचे नाव घालण्याची आपल्याकडे चाल आहे. घागर आजीच्या लग्नातली होती आणि देणारी तिची आई होती. अक्षरे झिजली होती. चिंच लावून घासल्यावर ती वाचता आली. त्याने आपल्या स्वाध्यायात चौथ्या ओळीत ते नाव लिहिले आणि पुराव्याच्या रकान्यात लिहिले : घागर.